तीन कॉम्प्युटर, एक फोल्डर

सोमवार, २ फेब्रुवारी

कुठल्याही यंत्रणेला हात लावण्याआधी नोंद सुरू करायची, हा माझा जुना नियम. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. विमा कंपनीत माझ्या हाताखाली चारशे कॉम्प्युटर होते तेव्हा ही शिस्त होती, आता तीन आहेत तेव्हाही राहील. चारशेवरून तीन. कोणाला हसायचं असेल तर हसा, मी आधीच हसून घेतलंय.

ताई आणि भावोजींचा डबिंगचा स्टुडिओ आहे. खाली गाद्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर स्टुडिओ, दुसऱ्यावर हे दोघं राहतात आणि गेल्या महिन्यापासून मीही. बाहेरून कार्टून येतात, त्यातल्या प्राण्यांना मराठीत बोलतं करायचं हा धंदा. रेकॉर्डिंगच्या खोलीत एक कॉम्प्युटर, भावोजी आवाज कापतात-जोडतात त्या खोलीत दुसरा, ताईच्या टेबलावर तिसरा. तिन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स. त्यामागे काही तत्त्व वगैरे नाही, भावोजींच्या कोणा मित्राने घालून दिलं म्हणून. फुकट ते पौष्टिक.

आणि एवढं असून आवाजाच्या फाइली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात कशा, तर पेनड्राइव्हवर. भावोजी तो दोरीने गळ्यात अडकवून फिरतात, गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखा.

काल जेवताना ताई म्हणाली, "अरे, तुझ्यासारखा माणूस घरात असताना आम्ही हे काय खेळ करतोय? कर ना काहीतरी."

"हो, फार त्रास होतो," भावोजी म्हणाले आणि खाली बघून जेवत राहिले. इतक्या वर्षांत या त्रासाबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही. काही लोकांना आपल्याला दुखतंय हेसुद्धा दुसऱ्याने सांगावं लागतं.

करतो म्हणालो. दोन दिवसांचं काम. हत्तीला काडी उचलायला सांगतात, तर उचलू.

बुधवार, ४ फेब्रुवारी

माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. तो अडगळीच्या खोलीत ठेवून त्याचा सर्व्हर केला. कल्पना सोपी आहे. फोल्डर एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. बाकीचे तिघे ते आपापल्याकडे जोडून घेतात आणि ते आपल्याच पोटात आहे असं समजून वापरतात. इकडे टाकलं की तिकडे दिसतं. शाळकरी मुलाला कळेल. भावोजींना समजवायला सकाळ गेली.

"म्हणजे फाइल नक्की असते कुठे?"

"सर्व्हरवर."

"मग माझ्याकडे दिसते ती?"

"तीच."

"आणि हिच्याकडे दिसते ती?"

"तीही तीच."

"अरे वा," म्हणाले, आणि समाधानाने मान हलवत गेले. मागे वळून परत आले. "पण मग माझी कुठली?"

केबल आणायला दुकानात निघालो तर बदकबाई म्हणाल्या, मीही येते, खोकल्याच्या गोळ्या घ्यायच्यात. बदकबाई म्हणजे इथल्या हुकमी कलाकार. वय साठीकडे झुकलेलं, चष्मा, हातात कापडी पिशवी. आणि माइकसमोर उभ्या राहिल्या की बदक, बदकाची तीन पिल्लं आणि समुद्रातली एक म्हातारी देवमाशी, इतक्या जणी एकाच गळ्यातून बाहेर पडतात. पोटासाठी माणूस काय काय करतो! दुकानात मी केबल पारखत होतो तेवढा वेळ बाई माझ्या शेजारीच उभ्या. गोळ्या घ्यायच्या त्या विसरल्याच. मी आठवण केली तेव्हा म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की."

बुद्धी आवाजावर सगळी खर्च झाली असावी.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी भावोजी दारात. "फोल्डर दिसतंय, पण आत काही ठेवायला गेलो की परवानगी नाही म्हणतं. माझ्याच स्टुडिओत मला परवानगी नाही!"

कारण मला बघताक्षणी कळलं. या यंत्रणेत माणसाला नावाने कोणी ओळखत नाही, प्रत्येकाला एक नंबर असतो आणि सर्व्हर फक्त तो नंबर बघतो. त्या मित्राने भावोजींच्या कॉम्प्युटरवर पहिलं खातं स्वतःचं काढलं आणि दुसरं भावोजींचं. त्यामुळे इथे भावोजींचा जो नंबर, तो सर्व्हरच्या लेखी कोणा परक्याचा. मित्राची करणी! सगळीकडचे नंबर जुळवून दिले.

ताई स्टूल ओढून शेजारी बसली होती. हिला अचानक शिकायची हौस आली आहे. "ही ओळ कशाची? आणि यातलं हे अक्षर चुकून गेलं तर?"

"तर फोल्डर कोणालाच दिसणार नाही."

"एका अक्षराने?"

"एका अक्षराने."

"हो का," म्हणाली. आणि पासवर्ड पाठ करत बसली, ओठ हलवत.

जेवणाआधी सगळं चालू. तिन्हीकडून फाइल ठेवून, उघडून, पुसून पाहिली. वेग वाढवायला सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक बदल केला, आता तो डिस्कवर लिहून होण्याची वाट न बघता आधीच "लिहिलं" म्हणून मोकळा होतो. पुस्तकांत याला धोक्याचं म्हणतात. पुस्तकं भित्र्यांसाठी असतात.

मी जाहीर केलं, काम संपलं, रविवारी मी माझ्या घरी जातो. मला वाटलं दोघं खूश होतील, एक खोली मोकळी होईल. ताईचा चेहरा असा उतरला जणू मी स्टुडिओला आग लागल्याचं सांगितलं. "एवढ्यात झालं?" म्हणाली.

चांगलं काम लवकर झालं की लोकांना ते काम वाटतच नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सकाळी सगळं बंद. सर्व्हरची केबल मागून निघून लोंबत होती. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी त्या खोलीत जातच नाही. तिथे मला झाडू देतं कोण?" गुन्हा आणि वर तोरा. केबल लावली. ताई म्हणाली, "बघ, तू होतास म्हणून. चार दिवस राहा, नीट बसू दे." राहतो म्हणालो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा बंद. केबल जागेवर, दिवे चालू, पण फोल्डर कोणालाच दिसेना. अर्धी सकाळ डोकं खाजवल्यावर सापडलं. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमधलं एक अक्षर गायब. पत्त्यातलं नाही, फोल्डरच्या नावातलं.

असं आपोआप होत नाही. उंदीर केबल कुरतडतो. पासवर्ड देऊन, फाइल उघडून, नेमकं एक अक्षर खाऊन, फाइल जतन करून बाहेर पडणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही.

पासवर्ड ताईकडे आहे, पण तिच्याकडून हे होणं अशक्य. ताई अजून माऊस हलवताना स्वतः वाकते. भावोजींचं तर बोलूच नका. राहता राहिल्या बदकबाई. त्यांना आडून विचारलं, "तुम्ही कधी सर्व्हरजवळ गेला होतात का?"

"तो काळा खोका? छे हो. मला त्याची भीती वाटते," म्हणाल्या, आणि वर पिल्लाच्या आवाजात, "क्वॅक."

संशय बळावला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

या घरात माणसाला अर्धा तास एकटं बसता येत नाही. दार लोटलं की कोणीतरी चहा घेऊन येतं. चहा नको म्हणालो तर दुसरं कोणी तो कप न्यायला येतं. न्हाणीघरात थोडा वेळ लागला की भावोजी बाहेर गाणं म्हणत येरझारा घालतात, आणि गातात काय भयंकर. संध्याकाळी गच्चीवर जावं म्हटलं तर गच्चीची किल्ली म्हणे हरवली आहे. इतक्या ढिसाळ लोकांचा धंदा चालतो कसा, हेच नवल.

नोंद आहे तर हेही लिहून ठेवतो. नोव्हेंबरात कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. बायको त्याच्या आधीच भावाकडे राहायला गेली होती, ती परत आली नाही. मी घरी शांतपणे पडून होतो. काही दिवस फोन घेतला नाही, जेवायचा कंटाळा केला, एवढंच. तर ताईने कुलूपवाल्याला आणून दार उघडलं, शेजारी गोळा केले आणि माझ्या अंगावर पडून रडली. भावोजींनी मला उचलून गाडीत घातलं. मी चालू शकत होतो. बहुतेक. लोकांना नाटकाची हौस असते, त्यात यांचा तर धंदाच तो.

त्या वेळी डॉक्टर ताईला काहीतरी हळू आवाजात सांगत होते. मी लक्ष दिलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

या शुक्रवारी कार्टूनचे सगळे भाग टीव्ही वाहिनीला द्यायचेत. तिथल्या बाईचा दिवसातून दोनदा फोन येतो. उशीर झाला तर पुढची मालिका दुसऱ्या स्टुडिओला, असं तिने गोड आवाजात सांगितलंय. ताई टेन्शनमध्ये आहे; पुढच्या मालिकेवरच हे वर्ष निघायचं आहे.

मी सगळ्यांना शिस्त लावली. आता सगळं काम सर्व्हरवरच. रेकॉर्डिंगही थेट तिथेच उतरतं. आपापल्या कॉम्प्युटरवर एकेक प्रत ठेवायची भावोजींची खोड मोडली. "एक फाइल, एक जागा," मी सांगितलं. भावोजींच्या गळ्यातला पेनड्राइव्ह काढून घेतला आणि पुसून टाकला. "असू दे की, सोबतीला," म्हणत होते. कीव आली.

सर्व्हरची दुसरी प्रत काढायची व्यवस्था राहिली आहे. शुक्रवारनंतर करतो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

लिहितो. नियम माझाच आहे.

काल दुपारी बदकबाई शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग करत होत्या. म्हातारी देवमाशी पिल्लांना निरोप देऊन खोल पाण्यात जाते, तो प्रसंग. आठवडाभर ओरडून बाईंचा घसा आधीच बसत आला होता. मनासारखं झालं तेव्हा बाहेर येऊन त्या काही बोलू गेल्या, तर तोंडातून नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी निदान आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. पण काम झालं होतं, म्हणून सगळे निवांत. बाई कोमट पाणी पीत बसल्या.

मी उगाच अडगळीच्या खोलीत डोकावलो. भावोजी सर्व्हरमागे गुडघ्यांवर बसले होते.

"भावोजी, काय करताय?"

"पुसत होतो."

"कशाने?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एक हात रिकामा. दुसऱ्यात सर्व्हरचा प्लग.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आत्ता कोणी वापरत नव्हतं. मी बघूनच काढला."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या आवाजांवर जगलेला माणूस, पण स्वतःला धड एक खोटं बोलता येत नाही. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. पहिल्या शुक्रवारची केबल त्यांनीच काढली होती. मधल्या दिवसांत दोनदा प्लगही, पण मी यायच्या आत परत लावावा लागला, कारण बदकबाईंना तेव्हा रेकॉर्डिंग करायचं होतं.

"का?"

"तू म्हणालास काम झालं, रविवारी जातो." अजून गुडघ्यांवरच. "ही झोपलीच नाही त्या दिवशी. काहीतरी करा म्हणाली. मला दुसरं काय येतं?"

मागे ताई येऊन उभी होती. "ते अक्षर मी खाल्लं," म्हणाली.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मी तुमच्या दारात बांधलेलं जनावर आहे का, म्हणालो. चारशे कॉम्प्युटर सांभाळलेल्या माणसाला तुम्ही खेळणं देऊन बसवलंत, म्हणालो. तुम्हाला या फोल्डरची गरज तरी होती का?

"नव्हती," ताई म्हणाली. "पेनड्राइव्हवर छान चाललं होतं आमचं."

"म्हणजे सगळं खोटं."

"हो, खोटं. आणि गरज पडली तर परत बोलेन. दार उघडल्यावर तू मला दिसलास ना, तो कसा दिसलास ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. तेव्हा तुझा अपमान झाला तर होऊ दे."

तेवढ्यात भावोजींनी प्लग परत लावला होता, आपल्या परीने मिटवामिटवी म्हणून. सर्व्हर चालू होईना. पडद्यावर डिस्क बिघडल्याची ओळ. नुकतं झालेलं रेकॉर्डिंग त्यातच होतं. "आता भोगा आपल्या कर्माची फळं," म्हणालो, वर गेलो, बॅग भरली आणि रस्त्यावर आलो.

बसथांब्यावर बसलो होतो. बस येत नव्हती. बदकबाई आल्या आणि शेजारी बसल्या. मी म्हटलं, "तुम्हीही यात होतातच. गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणे." त्यांनी मान डोलवली. मग चक्क कानाशी येऊन, डॉक्टरांनी घातलेली बंदी मोडून, कुजबुजल्या. आवाज कसला, पत्र्यावर वाळू घासल्यासारखा.

"नंतर चिडा. आधी माझी देवमाशी काढून द्या."

"मला जमेल कशावरून?"

"नाही जमलं तर नाही. पण तुम्ही बघितल्याशिवाय मी कोणाला सांगू की गेली म्हणून?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलांच्या कार्टूनमधल्या माशासाठी. हे जग कोणत्या लोकांनी भरलेलं आहे, मला कळत नाही.

बस आली. थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं. गेली.

अडगळीच्या खोलीत परत बसलो आणि मग जे दिसलं ते सरळ लिहितो. प्लग भावोजींनी काढला, पण नुसत्या प्लगने इतकं होत नसतं. सर्व्हर लिहिण्याआधीच "लिहिलं" म्हणत होता, कारण तसं त्याला मी सांगितलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण ती मी ठेवू दिली नव्हती. आणि गळ्यातली ती घंटा मी स्वतःच्या हाताने पुसली होती. माझ्या हाताखालच्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत सोलून काढला असता.

डिस्कची दुरुस्ती चालवली. ज्या फाइलींची नावं पुसली जातात त्या दुरुस्तीनंतर एका वेगळ्या फोल्डरात गोळा होतात. 'हरवलं-सापडलं' अशाच अर्थाचं त्याचं नाव. आत नुसते आकडे. कोणाचं काय, पत्ता नाही. डिस्क वाचणारी होती हे नशीब. सापडलेले सगळे तुकडे भावोजींच्या कॉम्प्युटरवर उतरवले. ते हेडफोन लावून एकेक ऐकत गेले. बदक. पिल्लू. नुसती शांतता. खुर्ची करकरल्याचा आवाज. पिल्लू. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. हेडफोन काढून बदकबाईंच्या कानांवर ठेवला. बाई ऐकत राहिल्या. सबंध प्रसंग होता, एका जागी थोडासा फाटलेला. देवमाशी बोलता बोलता श्वास घेते, तिथला श्वासच गेला होता.

"श्वास मी आणतो," भावोजी म्हणाले.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दिला. वेळेत. वाहिनीच्या बाईने "छान" एवढं लिहून पाठवलं. एवढ्या मोठ्या दिव्यानंतर एक शब्द. बरोबरच आहे, चांगल्या कामात शिवण दिसत नाही.

भावोजींनी श्वास तिसऱ्या भागातून आणला. त्यांनी बारा श्वास ऐकले, अकरा नाकारले. मला सगळे सारखेच वाटले. हा थकलेला आहे, हा घाबरलेला, हा नुसता पायऱ्या चढून आल्याचा, असं सांगत होते. एवढे कान असलेला माणूस न्हाणीघराच्या दाराबाहेर तसं का गातो, याचा उलगडा होत नाही.

सकाळपासून मी सगळं पुन्हा उभारलं. नवी डिस्क. आधी लिहायचं, मगच "लिहिलं" म्हणायचं. रोज संध्याकाळी फोल्डरची आपोआप एक प्रत. ती निघाली की नाही हे मी माझ्या घरून बघू शकेन असा इंटरनेटवरून एक बंदिस्त रस्ताही करून ठेवला.

"घरून म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे माझ्या घरून. मी रविवारी जातोय."

ती भांडी उगाच जागा बदलून ठेवत राहिली. मग म्हणाली, "मी फोन करत जाईन."

"नाही करायचा. तू दिवसातून दहा वेळा करतेस आणि दहाही वेळा काय करतोयस एवढंच विचारतेस. माणूस फोन घेऊन घेऊनच मरेल."

शब्द तोंडातून गेला. तिने ओल्या हातांनीच माझं मनगट धरलं. "तसा विचार आला तर मला सांगशील?"

उपहासाने बोलायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं. आज शोधलं, सापडलं नाही.

"सांगेन," म्हणालो.

ठरलं ते असं. दर सोमवारी मी इथे येणार, खऱ्या कामासाठी. डॉक्टरांकडे बुधवारी, भावोजी सोबत येतील, पण गाणार नाहीत. आणि ताई फोन करणार नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

माझं घर. दाराला नवं कुलूप, चौकटीला जुन्याची खूण. फ्रिजमध्ये जे होतं त्याचं वर्णन करत नाही, त्याला आता पाय फुटायचेच बाकी होते. ते फेकलं. खिडक्या उघडल्या. लादी पुसली. शेजारच्या काकूंनी जिन्यात "आलात का?" म्हणून विचारलं, दिसत असताना विचारतात. "आलो," म्हणालो. दिवसभरात ताईचा फोन नाही. शब्दाची पक्की निघाली, याचंच थोडं आश्चर्य वाटलं. जरा जास्तच पक्की.

संध्याकाळी स्टुडिओची प्रत निघाली का ते बघायला कॉम्प्युटर लावला. निघाली होती. सामायिक फोल्डरात मात्र एक नवीन फाइल. आत काहीच नाही, पूर्ण रिकामी. सगळा मजकूर नावातच:

जेवलास का

आता यांना काय म्हणावं? फाइल ही आत काही ठेवण्यासाठी असते. सर्व्हर म्हणजे टपाल नव्हे आणि दाराची कडीही नव्हे. फोन करायचा नाही म्हटलं तर त्यातून ही पळवाट. इतका काटेकोर उभा केलेला फोल्डर, आणि पहिल्याच रविवारी त्यात हे!

मी तशीच रिकामी फाइल करून ठेवली: जेवलो.

थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर दुसरी: खरं सांग

उठलो. कपाटात बटाटे होते, सुकलेले पण चालण्यासारखे. धुतले, पातेल्यात पाणी घेऊन उकडायला टाकले, आणि येऊन लिहिलं: बटाटे उकडतायत. फोल्डरकडे बघत बसायचं काही कारण नव्हतं, तरी बसलो. तिसरी फाइल आली. फाइलच्या मालकाचा नंबर भावोजींचा, पण शब्द त्यांचे नव्हेत. बोलायला बंदी असलेल्या कोणीतरी त्यांना बाजूला सारून टाइप केलेलं दिसत होतं:

पाण्यात मीठ घातलंत का

म्हणजे रविवारच्या संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, घोड्याएवढी झालेली तीन माणसं एका कॉम्प्युटरसमोर खुर्च्या लावून बसली आहेत आणि माझ्या बटाट्यांची चौकशी करतायत. दुसरा उद्योग नाही यांना.

उठून पाहिलं. घातलं नव्हतं.